नवी गाडी जास्त पळते, मग गाडीवेडे नाराज का?

एखाद्या कंपनीने आपल्या वेगवान हॅचबॅकचं नवं रूप बाजारात आणलं की एक ठरलेला प्रकार घडतो. कागदावर सगळं वाढलेलं असतं. ताकद जास्त, स्क्रीन मोठी, एअरबॅग जास्त, आणि शंभरचा वेग गाठायला लागणारा वेळ कमी. तरी रविवारी पहाटे एक्स्प्रेसवे धरण्याआधी चहाला जमलेली गाडीवेडी मंडळी म्हणतात, "छे, जुनीच बरी होती." घरातल्या बाकीच्यांना हे कोडंच वाटतं. एवढं सगळं मिळूनही तोंड वाकडं का?

माझं मत आधीच सांगतो. या कुरकुरीतला बराचसा भाग खरा असतो, फक्त तिचा रोख चुकतो. शिव्या खातो डिझायनर. गाडी बदलते ती मात्र कायद्याने, कराने आणि कारखान्याच्या हिशेबाने.

परफॉर्मन्स हॅचबॅक, म्हणजे ही मंडळी जिला हॉट हॅच म्हणतात ती, मुळात घरगुती गाडी. पाच माणसं बसतात, मागे सामान मावतं, सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये घुसते. फक्त इंजिन दमदार, सस्पेन्शन कडक, ब्रेक मोठे. सोमवारी अंधेरीचं ऑफिस, बुधवारी आईला डॉक्टरकडे, रविवारी माळशेज, सगळं एकाच गाडीत. म्हणूनच हिचा चाहता स्पोर्ट्स कारवाल्यापेक्षा हट्टी असतो. त्याच्याकडे बहुधा दुसरी गाडी नसते, त्यामुळे नव्या मॉडेलमध्ये काही बिघडलं तर ते रोज हाताला लागतं.

या जातीची सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय. कंपनीतल्या मोजक्या लोकांनी सुरुवातीला जवळपास लपूनछपूनच ती घडवली. १९७५ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती दिसली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटर इंजिन, ११० पीएस (म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) ताकद, वजन साधारण ८१० किलो. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, पण पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त खपल्या. सीटवरचं चौकड्यांचं कापड आणि गोल्फच्या चेंडूच्या आकाराचा गिअर नॉब या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या. चौकड्या आजही आहेत.

आता दुसरं टोक. मे २०२५ मध्ये आठव्या पिढीची सुधारित जीटीआय भारतात आली. पूर्ण तयार, आयात केलेली, एक्स-शोरूम किंमत ५२.९९ लाख रुपये. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जीटीआयबद्दलची प्रश्नमंजूषा सोडवायला लावली होती. पन्नास लाख देणाऱ्याचीच परीक्षा घ्यायची, ही हिंमत दाद देण्यासारखी आहे. पहिल्या खेपेच्या १५० गाड्या बघता बघता संपल्या. ताकद २६५ पीएस, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. पहिल्या जीटीआयला त्यासाठी नऊएक सेकंद लागायचे.

वजनाचा हिशेब करून बघा. पहिल्या गाडीत दर हजार किलोमागे साधारण १३६ पीएस होते. नवी साडेचौदाशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे हजार किलोमागे १८० च्या वर. या मोजमापातही नवीच जिंकते. मग तक्रार कसली?

तक्रार वळणावरची. ब्रोशरमधले आकडे सरळ रस्त्यावरचे असतात. वळताना गाडीला रस्त्यावर धरून ठेवतात फक्त चार टायर, आणि टायरचा एक स्वभाव आहे. त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. जड गाडीला वळवण्यासाठी मात्र वजनाच्या प्रमाणातच जोर लागतो. त्यामुळे तोच टायर ठेवून नुसतं वजन वाढवलं की वळणातला वेग घटतो. उपाय म्हणून कंपन्या टायर रुंद करत गेल्या. पहिल्या जीटीआयचे टायर १७५ मिलिमीटर रुंद होते, आजचे २२५. एवढा रुंद टायर हाताने वळवणं जड, म्हणून पॉवर स्टिअरिंग. पहिल्या जीटीआयला ते नव्हतंच. आज ती मदत विजेची मोटर करते, आणि रस्त्याची जी बारीक थरथर पूर्वी तळहातापर्यंत पोचायची ती वाटेतच गाळली जाते. "स्टिअरिंग काही सांगतच नाही" असं गाडीवेडा म्हणतो तेव्हा तो कविता करत नसतो. खोपोलीच्या चढावर पुढचं चाक पकड सोडायच्या बेतात आहे, हे त्याला पूर्वी हातानेच कळायचं. आता डॅशबोर्डवर दिवा लुकलुकला की कळतं.

याचा दुसरा भाग पुढच्या चाकांचा. अशा बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि पुढचीच वळवतात. वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो, त्यामुळे जोराने ॲक्सिलरेटर दाबला की ते जागीच फिरतं आणि गाडी नाकासमोर निघून जाते. नव्या जीटीआयमध्ये यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डिफरन्शियल लॉक आहे. तो ताकद भार असलेल्या बाहेरच्या चाकाकडे वळवतो. २६५ पीएस दोनच चाकांना देऊनही गाडी ताळ्यावर राहते ती यामुळे. इथे नवी गाडी निर्विवाद सरस आहे, पण चहाच्या टपरीवर याचं कौतुक कमीच ऐकू येतं.

वजन आलं कुठून? टक्कर झाल्यावर आतला माणूस वाचावा म्हणून जाड झालेले खांब आणि दरवाजे, एअरबॅगा, एसी, आवाज रोखणारे थर. शिवाय गाडीच वाढली. पहिली गोल्फ ३.७ मीटरची होती, आताची जवळपास ४.३ मीटर. मला विचाराल तर वजनाच्या तक्रारीत मी निम्माच सामील आहे. १९७६ ची गाडी कोवळ्या उन्हात चालवायला झकास, पण रात्री घोडबंदर रोडवर कंटेनरच्या मागे लागायचं असेल तर मला नवीच हवी.

आवाजाचं दुखणं आणखी गुंतागुंतीचं. युरोपात २०१८ च्या सुमारास थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांच्या उत्सर्जनावर इतकी कडक मर्यादा आली की सायलेन्सरच्या वाटेत काजळीचे सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर बसवावा लागला. त्यातून निघणारा आवाज तोंडावर पदर धरून गायल्यासारखा येतो. त्यातच युरोपात आवाजाची मर्यादाही टप्प्याटप्प्याने उतरवली जात आहे. सामान्य मोटारीसाठी आधी ७२ डेसिबल, मग ७०, मग ६८. चारचाच फरक दिसतो, पण डेसिबलचं माप सरळ नसतं. तीन डेसिबल घटले की ध्वनीची ऊर्जा जवळपास अर्धी होते. म्हणून कंपन्यांनी पळवाट काढली, आत बसलेल्यांना स्पीकरमधून आवाज ऐकवायचा. याला मंडळी 'नकली' म्हणतात आणि नाक मुरडतात, जे मला पूर्ण पटतं. मग कोणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवून घेतो. ते बेकायदा आहे. गाडीच्या मूळ नोंदीतल्या गोष्टींत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी देत नाही. कोस्टल रोडलगत राहणाऱ्यांना रात्री त्या आवाजाचा काय वैताग होतो हे तिकडच्या कोणालाही विचारा. त्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ८० आहे आणि बोगद्यात ६०. एवढ्या वेगाला इंजिन गरजवून सिद्ध काय करायचं असतं, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

गिअरबॉक्सवरून तर दोन तट पडतात. सुधारित आठव्या जीटीआयला क्लचचा गिअरबॉक्स मिळतच नाही, फक्त सात गिअरचा डीएसजी. त्यात दोन क्लच असतात. एक सम गिअर सांभाळतो, दुसरा विषम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो, त्यामुळे बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. माणसाचा हात-पाय त्याला गाठू शकत नाही. चेंडूचा गिअर नॉब गेला तो यातच. कारण साधं आहे. मॅन्युअल घेणारे कमी उरले, आणि प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीची उत्सर्जन चाचणी वेगळी करावी लागते. थोड्याशा विक्रीसाठी तो खर्च कोणी करत नाही.

आता मुंबईकराची अडचण बघा. संध्याकाळी सात वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बोरिवलीच्या दिशेने सरकताना डावा पाय क्लचवर ठेवून तो क्लचचं गुणगान गाऊ शकत नाही. पण विकत घेताना डोक्यात असते रविवारची पहाट. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय२० एन लाइन आणली तेव्हा मधला मार्ग काढला होता, हाताने गिअर टाका पण क्लच पेडल नाही. गाडीवेड्यांना तो ना धड घरका ना धड घाटका वाटला. २०२३ च्या बदलात कंपनीने तो काढून सरळ सहा गिअरचा नेहमीचा मॅन्युअल दिला आणि मंडळी खूश झाली. नव्या रूपावर सगळी कुरकुरच होते असं नाही, ते हे असं.

आणि काही वेळा कुरकुर जिंकते. २०१९ अखेरीस आठवी गोल्फ दाखवली गेली तेव्हा तिच्यातली बटणं जवळपास हद्दपार झाली होती. एसीचं तापमान स्क्रीनखालच्या गुळगुळीत पट्टीवर बोट सरकवून बदलायचं, आणि त्या पट्टीला रात्री दिवासुद्धा नव्हता. पुढे जीटीआयच्या स्टिअरिंगवरही दाबायची बटणं जाऊन स्पर्शाची आली. वळण घेताना तळवा लागला की भलतंच काही सुरू व्हायचं. कंपन्यांना हे आवडतं कारण ते स्वस्त पडतं. पंचवीस बटणं, त्यांच्या वायरी, त्यांचे साचे यांच्याऐवजी एक स्क्रीन लावली की काम झालं, आणि पुढे सॉफ्टवेअर बदललं की झाला 'नवा' डॅशबोर्ड. पण बटण बोटाने चाचपून सापडतं, स्क्रीनकडे डोळे न्यावे लागतात. जुलैत सायनच्या खड्ड्यांतून जाताना ओल्या बोटाने गुळगुळीत काचेवर पंख्याचा वेग शोधून बघा, म्हणजे युरोपातल्या समीक्षकांनी किती सौम्य शब्द वापरले ते कळेल. तक्रारी इतक्या झाल्या की फोक्सवॅगन ब्रँडचे प्रमुख थॉमस शेफर यांनी नुकसान झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. २०२४ च्या सुधारित गोल्फमध्ये स्टिअरिंगवर खरी बटणं परतली आणि पट्टीला दिवा आला. युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण हाताने दाबता येण्याजोगं असावं, नाहीतर गुण कमी, असं ठरवलं. गाडीवेडे जे तावातावाने बोलत होते ते सुरक्षेच्या नियमात जाऊन बसलं.

रूपाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तर्क संपतो. होंडाची सिव्हिक टाइप आर २०१७ मध्ये पंख, कोपरे आणि बंपरवरच्या खोट्या जाळ्यांसकट आली तेव्हा 'खेळणं' म्हणून तिची टर उडाली. २०२२ ची सोज्वळ निघाली तर काहींना ती फार सोज्वळ वाटली.

इतका वेळ परदेशातल्या गाड्यांबद्दल बोललो. आपल्याकडच्या नाराजीचं मूळ वेगळं आहे, आणि ते समजायला कराचा नियम समजावा लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पापासून सरकारने 'छोटी गाडी' अशी एक चौकट आखली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. त्यात बसलात तर कर कमी. ती चौकट आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत तिच्या आतल्या गाडीला १८ टक्के कर आहे आणि बाहेरच्या पेट्रोल गाडीला ४०. करापूर्वी आठ लाखांच्या गाडीवर हा फरक १ लाख ७६ हजार रुपयांचा होतो. हॅचबॅक घेणारा माणूस तेवढ्या रकमेसाठी दहा शोरूम फिरतो.

म्हणजे १२०१ वा सीसी फार महाग आहे. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट लांबीने चार मीटरच्या आत, वजनाने हजार किलोच्याही आत, १.४ लिटर टर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा), अगदी इथल्या गाडीवेड्याच्या स्वप्नातली. ती भारतात कधी अधिकृतपणे विकलीच गेली नाही. इंजिनाने चौकट ओलांडली की ती इथे कोणत्या किमतीला उभी राहिली असती ते सांगायला नको. १९७६ ची गोल्फ जीटीआयसुद्धा लांबीत पास झाली असती आणि १.६ इंजिनामुळे नापास.

साध्या स्विफ्टचंच बघा. २००५ मध्ये ती आली ती १.३ लिटर, ८७ पीएसच्या इंजिनासह. २०१० मध्ये १.२ लिटर, ८५ पीएस. त्या बदलाचं एक मोठं कारण हीच चौकट. २०२४ ला चौथी पिढी आली तेव्हा इंजिन चारऐवजी तीन सिलिंडरचं झालं आणि ताकद ९० वरून ८२ पीएसवर उतरली. लिटरमागे मायलेज मात्र मॅन्युअलला २२.३८ वरून २४.८० किलोमीटर, आणि सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांना. तीन सिलिंडरमध्ये घर्षण कमी, म्हणून पेट्रोल वाचतं. पण धक्के समतोल होत नाहीत, म्हणून इंजिन थोडं थरथरतं आणि वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्या मारताना, पूर्वीसारखं मोकळं धावत नाही. दादर ते ठाणे रोज करणाऱ्याला हा सौदा फायद्याचा. पहिली गाडी म्हणून स्विफ्ट घेऊन घाट शिकलेल्या पिढीला मात्र आपल्या गाडीचा दम कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. दोघांचंही खरं आहे, आणि कंपनी ज्याच्याकडे गिऱ्हाइकं जास्त त्याचं ऐकते.

चौकटीत राहून ताकद मिळवायचा एकच मार्ग उरतो, लहान इंजिनाला टर्बो. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय ११९७ सीसीत १०५ पीएस देत होती. आय२० एन लाइन ९९८ सीसीत १२०, आणि २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर ११९९ सीसीत १२०. तेव्हा एखाद्या नव्या मॉडेलवर लाल पट्टे आणि दोन सायलेन्सर दिसले, पण इंजिन तेच राहिलं, की इथला जाणकार "नुसता मेकअप" म्हणतो ते का हे कळेल. युरोपातल्या अस्सल आय२० एनमध्ये १.६ लिटर टर्बो होतं, २०४ पीएसचं. आपल्याला नावाच्या शेपटीत एक शब्द जास्त मिळाला आणि ८४ पीएस कमी.

बाहेरून पूर्ण तयार आणायची तर आयात शुल्क ७० टक्क्यांपासून पुढे, त्यावर जीएसटी, त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. २०१६ मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय याच वाटेने आली होती, १९२ पीएस, २५.९९ लाखांना. पंचवीस लाखांत पोलो कोण घेणार, म्हणून लोक हसले, आणि पुढे कंपनीला किंमत उतरवावी लागली. आज वापरलेली कोणी विकायला काढली की तेच लोक फोन फिरवतात.

एवढं करून पन्नास लाखांची जीटीआय घरी आणलीच, तर टायरची कड बघून ठेवा. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं २२५/४०. यातला ४० म्हणजे रबराच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. स्विफ्टच्या १८५/६५ टायरला ती १२० भरते. वळणात कमी उंचीची भिंत कमी वाकते, म्हणून गाडी चपळ वाटते. खड्ड्यात मात्र धक्का झेलायला रबर कमी, आणि मार थेट अलॉयला बसतो. पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून ही गाडी काढणाऱ्याला मी तरी शूर म्हणेन.

पुढची लढाई विजेची. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन दाखवली. दोन टनांहून जड, बूस्ट मोडमध्ये ६५० पीएसपर्यंत. तिला गिअर नाहीत, पण बटण दाबलं की ती गिअर असल्याचं सोंग करते. स्टिअरिंगमागची गिअरची पट्टी (पॅडल) ओढल्यावर झटका देते, आरपीएमची मर्यादा आली की ताकद तोडते, स्पीकरमधून आवाज काढते. सोंग म्हणून नाक मुरडायला गेलेले बरेच समीक्षक ते आवडलं म्हणून परत आले, कारण आपण किती वेगात आहोत हे त्या सोंगामुळे मीटर न बघता कळत होतं. फोक्सवॅगननेही पहिली विजेवरची जीटीआय जाहीर केली आहे, पोलोच्या आकाराची, २२६ पीएसची, पुढच्या चाकांनी ओढणारी. तिची माहिती हाती आली की गाडीवेडे ताकदीच्या आकड्यावर थांबणार नाहीत, सरळ वजनाच्या रकान्याकडे जातील.